बादशाने खाल्लेले माझे लाडू

पहिला लाडू सोडला, तर वडिलांनी माझ्या तब्येतीसाठी बांधून घेतलेला एकही लाडू मी त्यांच्या हयातीत खाल्ला नाही. ते सगळे बैलांनी खाल्ले. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बैलांनीही सांगितली नाही; पण त्यांच्या गप्प राहण्याला काही कारण होतं, माझ्या गप्प राहण्याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही. मी मुळात अबोल माणूस. गावात मला ‘मौनीबाबा’ म्हणतात आणि त्यात त्यांना काहीतरी साधुत्व दिसतं. साधुत्व कसलं! तोंड उघडलं तर लाडू बाहेर येतील, ही धास्ती!

आमचं गाव सडक अर्जुनीच्या अलीकडे. जिल्हा तेव्हा भंडारा. माझं लग्न झालं, चिचगडची सुभद्रा घरात आली आणि पहिल्याच पावसाळ्यात माझं पोट बिघडलं. आधी मुरडा, मग आव, मग रक्त. रोवणी झाली, निंदण झालं, धान पोटरीला आलं, तरी माझ्या हातातलं टमरेल काही सुटेना. त्याच सुमारास आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. ती बातमी ऐकायला सगळं गाव चावडीपुढे जमलं होतं. मी परसाकडे होतो. राज्य बदलून मी परत आलो, तर माय दारातच उभी.

“पोरगी घरात आली अन् पोट्ट्याचं पोट गेलं!” ती शेजारणीला सांगत होती. मुद्दाम मोठ्यानं. आत चुलीपाशी सुभद्रा होती.

बाबांचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं, पण बाबांना बोलायला वेळ नव्हता. ते शंकरपटाचे वेडे. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सुगी आटोपली की आमच्याकडे गावोगाव भरते. बाबांची जोडी होती बादशा आणि गुलाब. बादशा पांढराशुभ्र, रागीट; गुलाब तांबूस आणि स्वभावाने आमच्या थोरल्या जावयासारखा, म्हणजे बसला की बसला. या जोडीने आजवर एकही पट जिंकला नव्हता. बाबा मात्र दर वर्षी सांगायचे, “यंदा आपलाच पट आहे!” आणि दर वर्षी जोडी दुसऱ्याच्या लाखोरी डाळीच्या शेतात शिरायची.

शेवटी मी इतका वाळलो, की बाबा मला गोंदियाच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले. छोटी रेल्वे इतकी सावकाश, की मी वाटेत उतरून झुडपाआड जाऊन पुन्हा त्याच डब्यात चढलो. (अतिशयोक्ती वाटेल. वाटू द्या. दोनदा चढलो.)

डॉक्टर हिंदी बोलणारे, वयस्क. त्यांनी माझं पोट दाबलं, मी कळवळलो. ते बाबांना म्हणाले, “आँतों में सूजन है. घाव भी होंगे. गोली देता हूँ. गोली आग बुझाएगी, मगर लकड़ी डालना तुमको बंद करना पड़ेगा. मिर्च बंद. लाखोरी बंद. अलसी, तिल, मूँगफली बंद. कच्चा कुछ नहीं. दूध भी बंद.”

बाबांनी आपली हिंदी बाहेर काढली. “तो साब, चालू क्या है?”

“चावल की पेज. पतली, नमक डालके. फिर नरम भात, ताज़ा मठा, पकी लौकी, पका केला.”

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. “पेज? साब, हम लोग घर के खाते-पीते हैं. पेज तो हमारे गडी लोक पीते!”

“अच्छा? और उनका पेट कैसा है?”

“पत्थर खाएंगे तो जिरवेंगे!”

“तो फिर?” डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

बाबा पाय आपटत स्टेशनापर्यंत चालत आले. गाडी सुटल्यावर म्हणाले, “डाक्टर पागल आहे.”

आता पेजेची बाब समजून घ्यायला हवी. तांदूळ भरपूर पाण्यात गळेपर्यंत शिजवायचा, मीठ घालायचं, झाली पेज. धानाच्या मुलखात कामावरच्या गड्यांना सकाळी पेज देणं हा धन्याचा मान. स्वतः पेज पिणं हा धन्याचा अपमान! आमच्या घराचा दर्जा दोनच गोष्टींवर उभा होता: बैल किती खातात आणि मालक काय पीत नाहीत.

घरी आल्यावर बाबांनी निकाल दिला. “ज्या खुराकानं बैल उभा होते, त्यानं पोट्टा नाही उभा होणार काय? याले बैलाचा खुराक चालू करा!”

तो खुराक म्हणजे लाडू. भाजलेली मोहफुलं, जवस, तीळ, शेंगदाणे, उडदाचं पीठ, गूळ, डिंक आणि तूप. हे सारं भाजायचं, उखळात कुटायचं आणि लिंबाएवढे नव्हे, चेंडूएवढे लाडू वळायचे. डॉक्टरांनी जे जे बंद म्हणून सांगितलं होतं, त्यातलं बरंच काही त्यात होतं; मिरचीला तेवढं स्थान नव्हतं. कुटायचं काम कोणाकडे? ज्या सुनेच्या पायगुणाने हे झालं, तिच्याकडे!

एवढ्यावर थांबले असते, तर मला हे लिहायची वेळच आली नसती. पण बाबांनी पुढचं वाक्य टाकलं, “आपल्या गावचा पट होईपर्यंत पाहतो. तवापर्यंत पोट्टा उभा नाही झाला, तर हिले चिचगडले पोचवून देऊ. अन् याच्यासाठी दुसरी पाहू.”

मी तिथेच बसलो होतो. मला बोलता आलं असतं. मी टमरेल उचललं आणि निघून गेलो.

पहिला लाडू मी श्रद्धेने खाल्ला. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवशी परसाकडून मला हात धरून आणलं ते गुलाबला चारणाऱ्या गड्याने, आणि तो वाटभर म्हणत होता, “जी, मी तं समजलो की तुम्ही गेले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाला टेकून बसलो होतो. सुभद्रा गड्यांच्या पेजेचं मडकं घेऊन आली. डोक्यावरचा पदर सावरत तिने कुटारामागे एक वाडगं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता पुटपुटली, “अजी, आयकलं का? जुन्या तांदळाची आहे. गाळून घेतली. मीठ घातलं. डाक्टरनं सांगितलं होतं नं?”

“तुला कोणी सांगितलं?”

“मामाजी आल्यापासून घरभर सांगून राहिले, की डाक्टर पागल आहे अन् पेज प्या म्हणते. मले वाटलं, पागल माणसाचं एकदा आयकून पाहावं.” आणि ती गेली. थांबली असती तर मायने पाहिलं असतं.

मी पेज प्यालो. पोटाने तक्रार केली नाही. कित्येक महिन्यांनी माझं पोट प्रथमच माझ्याशी सभ्यपणे वागलं! एवढ्यात माय लाडू घेऊन हजर. “खाय माह्यासमोर!”

“कोवळ्या उन्हात बसून सावकाश खातो, माय. चावून खाल्लं तर अंगी लागते.”

माय वळली. मी लाडवाकडे पाहिलं. बादशाने लाडवाकडे पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुढचं काम त्याच्या जिभेने केलं.

असा आमचा कारखाना सुरू झाला. सकाळी कुटारामागे पेज माझ्या पोटात, लाडू बादशाच्या. दुपारच्या जेवणाला लाखोरीचं वरण आणि ठेचा पुढे आला, की मी पोटावर हात फिरवून म्हणायचो, “लाडवानं गच्च झालं, माय. नुसता मऊ भात अन् ताक दे.” माय खूश! सुभद्रा छपरावरच्या वेलाचा दुधी सोलून, बिया काढून, मेणासारखा शिजवून त्या भातात कालवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “करपला म्हणून मऊ झाला.” (करपलेला दुधी मऊ कसा होतो, हे आमच्या घरात कोणालाही सुचलं नाही. आमच्या घराचं चालत होतं ते यामुळेच.) कधी मोह झाला, ठेच्याचं एक बोट चाटलं, की पोट दुसऱ्याच दिवशी हिशेब मागायचं. मग पुन्हा नुसती पेज. हळूहळू मला माझ्या आतड्याचा स्वभाव कळत गेला: ते रागीट नव्हतं, फक्त त्याला कोणी डिवचलेलं खपत नव्हतं. रक्त थांबलं. मुरडा थांबला. टमरेलाला गंज चढायला लागला!

इथे एक खोटं मी सुभद्रेशी बोललो. तिने एकदा दबक्या आवाजात विचारलं, “लाडू पचून राहिले का जी?” उखळात कुटून तिच्या तळहातांना फोड आले होते. त्या हातांकडे पाहून मला सांगवेना, की तुझे लाडू बैल खातो. मी म्हणालो, “तुझ्या पेजेवर लाडू चांगले बसतात.” ती हसली. मला वाटलं, किती नाजूकपणे निभावलं आपण!

आता घोटाळा वाढला. बादशाला बाबांकडून त्याचा खुराक मिळतच होता, वर माझा. पेरणीच्या दिवसांत शिंग हलवायला कंटाळणारा बैल आता खुंटा उपटू लागला. गुलाब मात्र होता तिथेच. सराव सुरू झाला, जोडी छकडीला जुंपली, की बादशा वाऱ्यासारखा सुटायचा, गुलाब त्याच्यामागे फरफटायचा आणि छकडी अर्धं वर्तुळ काढून पुन्हा आमच्याच अंगणात यायची!

“काऊन असं होऊन राहिलं?” बाबा डोकं धरून बसले. “एकच खुराक, अन् एक बैल वाघ, दुसरा बैल जावई!”

त्या वेळी गोरेगावचे आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, ओसरीवर बसले होते. हे ऐकूनही ते बसून होते.

माझं मन मला खाऊ लागलं. बाबांचा पट माझ्यामुळे बुडणार! उपाय एकच होता. दुसऱ्या दिवशी मी मायला म्हणालो, “माय, एका लाडवानं भागत नाही.”

माय रडली हो! आनंदाने रडली! “आयकलं का जी? पोट्ट्याले भूक लागली!” बाबा धावत आले. माझा दंड दाबून म्हणाले, “पाहा! म्हटलं होतं का नाही?” आणि सुनेला हुकूम गेला, “दुप्पट कर!” उखळ दिवसभर वाजू लागलं. गुलाबलाही लाडू मिळू लागले. पंधरवड्यात तोही डुरकायला लागला, आणि मग बादशाला आपला वाटा कमी वाटू लागला. मी पुन्हा मायकडे गेलो. माझी भूक ऐकून शेजारपाजारचे मला पाहायला येऊ लागले. मी पेजेवर जगत होतो आणि गावात माझी ख्याती खादाड म्हणून पसरली!

पण अंगावर मांस म्हणावं तसं चढलं नव्हतं. चेहरा तजेलदार, काठी मात्र काठीच. बाबा मला न्याहाळून म्हणायचे, “खाते तं राक्षसासारखा. जाते कुठं?” माय सुभद्रेकडे पाहायची. “पायगुण!” पटाचा दिवस जवळ आला तसं चिचगडला निरोप गेला: व्याह्यांनी पटाला यावं, आणि येताना माणसं न्यायची दमणी गादी टाकून आणावी. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला: जाताना लेकीला घेऊन जावं. मायने सुभद्रेची लोखंडी पेटी भरून ओसरीवर आणून ठेवली. सुभद्रेने त्या दिवशीही कुटारामागे पेज ठेवली. पदराने डोळे पुसून म्हणाली, “मी गेल्यावर गड्यांच्याच मडक्यातून घेत जा. पण गाळून घ्या.”

मला बोलायला हवं होतं. मी वाडगं तोंडाला लावलं. (पेज पिताना बोलता येत नाही. म्हणून तर प्यालो.)

पटाच्या दिवशी मला गोठ्यात जाऊच दिलं नाही. पाहुण्यांना दाखवायचा म्हणून नवं धोतर, कोट, उपरणं. मायने उपरण्याच्या टोकात लाडवांची मोठी पुरचुंडी बांधली. “तुही भूक मोठी. पटात खाजो.” तिकडे दोन्ही बैल सकाळपासून उपाशी असल्यासारखे हंबरत होते. म्हणजे बाबांचा खुराक त्यांना मिळाला होता, माझा नव्हता.

धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सारख्या करून धावायची पट्टी केलेली. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बायका एका अंगाला, त्यांत सुभद्रा, डोक्यावरून पदर ओढलेली. मी पट्टीच्या शेवटाला, रेषेच्या पलीकडे, सासऱ्यांजवळ उभा. सासरे चिचगडचे, जंगलातले धिप्पाड माणूस. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाले, “जावईबापू, तुम्ही तं उभे दिसता.”

“उभा आहे,” मी म्हणालो.

“मग माह्या पोरीची पेटी काऊन भरली?”

मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे, तेवढ्यात इशारा झाला आणि जोड्या सुटल्या.

बादशाने मान वर केली. वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता. त्याला वास आला. गुलाबलाही आला. आणि जन्मात प्रथमच ती जोडी सरळ धावली! सरळ म्हणजे दोरी मारल्यासारखी, माझ्या रोखाने! हाकणाऱ्याने दोर सोडून दिले आणि देवाचं नाव घेतलं. बाजूची जोडी कुठल्या कुठे मागे. रेषा आली. रेषा गेली. लोक ओरडले, “जिंकली! जिंकली!” पण ज्यांनी जिंकली त्यांना रेषेशी काही घेणंदेणं नव्हतं.

“जावईबापू, पळा!” सासरे ओरडले.

मी पळालो. धोतराचा सोगा तोंडात धरून, बांध्यांवरून उड्या मारत, असा पळालो, की बाजूने पाहणाऱ्याला तिसरा बैल वाटावा! समोर धानाच्या पेंढ्या रचून केलेलं पुंजणं होतं, घराएवढं उंच. त्यावर मी हात न लावता चढलो. (हात निऱ्यांना होते.) चढताना उपरणं खाली पडलं. बादशा आणि गुलाब छकडीसकट तिथे थांबले, आणि सगळ्या गावादेखत शांतपणे माझे लाडू खाऊ लागले.

मग सासऱ्यांचा आवाज घुमला, “कोन म्हणते बे माहा जावई बिमार आहे? अरे, पटातली जोडी याले गाठू शकली नाही!”

गाव फुटलं हसून! टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत! बाबा धापा टाकत आले. त्यांनी बैलांकडे पाहिलं, लाडवांकडे पाहिलं, पुंजण्यावर मला पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “पाहा रे! मुक्या जनावरानं आपला खुराक वळखला! एकाच खुराकाचे तिन्ही गडी!” आणि तिथल्या तिथे वळून मायला म्हणाले, “सुनेची पेटी आत ने. पोरगी कुठं जात नाही.”

सुभद्रेने पदर थोडा मागे घेतला. ती हसत होती. मी जिंकलो होतो. बाबा जिंकले होते. बैल तर जेवत होते.

तेव्हा खालून कोणीतरी ओरडलं, “मौनीबाबा, सांग नं बे! काय खाऊन राहिला?”

सगळ्या माना वर वळल्या. वर मी, खाली माझे बाबा, माझे सासरे, माझी बायको. याहून चांगलं व्यासपीठ मला आयुष्यात मिळणार नव्हतं. मी तोंडातला सोगा काढला आणि म्हणालो,

“लाडू.”

बाबांनी फेटा उडवला. सुभद्रेनेही मान डोलावली, कारण तिलाही तसंच सांगितलेलं होतं.

मग काय! पंचक्रोशीत ज्याचं पोट दुखेल, त्याला बाबा लाडू पाठवू लागले. सगळ्यांत आधी गोरेगावचे भाऊजी. सासरेबुवांनी हाताने भरवलेला लाडू जावयाने नाकारायचा कसा? त्यांनी खाल्ले. आठवडाभर ते आमच्याकडेच होते. त्यातले बरेचसे दिवस टमरेल घेऊन आमच्या शेतात. जाताना मला म्हणाले, “साल्या, तू हे रोज खाल्ले?” मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली. आणि हे सारे लाडू कुटले कोणी? सुभद्रेने, त्याच फोड आलेल्या हातांनी. हिवाळ्यामागून हिवाळे.

आज बाबा नाहीत. बादशा, गुलाब नाहीत. माझं आतडं मात्र आहे, शाबूत आहे, आणि पेज, मऊ भात, ताक, दुधी यांवर खडखडीत चाललं आहे. सुभद्रा पेज करते ती आता उघडपणे. पण लाडूही करते. बाबांची आठवण म्हणून. गेल्या हिवाळ्यात मला इतकं अपराधी वाटलं, की प्रायश्चित्त म्हणून मी एक लाडू तिच्यासमोर पूर्ण खाल्ला. निकाल दुपारच्या आत लागला. मी आडवा. सुभद्रा पेजेचं वाडगं घेऊन उशाशी आली आणि चिंतेने म्हणाली, “नुसत्या पेजेनं काय होते जी? मामाजी असते तं दोन लाडू दिले असते.”

मी पेज प्यालो आणि रिकामं वाडगं तिच्या हातात दिलं.

सुभद्रेला मी एक वाक्य देणं लागतो: मला तुझ्या पेजेने वाचवलं, लाडवांनी नाही. ते गावासमोर आणि मोठ्याने म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.